कोअरमधला थ्रस्ट फॉल्ट ओळखायचा कसा

थ्रस्ट फॉल्ट म्हणजे ज्या तिरक्या तड्यावरून वरचा खडक खालच्या खडकावर चढतो तो तडा. पुस्तकात तो म्हणजे एक तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धे-अर्धे बाण. एम.एस्सी.ची मुलं तीच रेघ डोळ्यांत घेऊन कोअरच्या, म्हणजे भोक पाडून वर काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या, पेटीपुढे उभी राहतात आणि विचारतात, "मॅडम, फॉल्ट कुठाय?" पेटीत रेघ नसतेच. राखाडी मडस्टोनचे, म्हणजे दगड झालेल्या चिखलाचे, तुकडे असतात. काही धड, काही चुरा झालेले, आणि मधे हातभर जागेत नुसता फोमचा ठोकळा, कारण तेवढी कोअर वर आलीच नाही. बहुतेक वेळा फॉल्ट त्या ठोकळ्याच्या आसपासच असतो.

मुलांना तरी काय बोल लावायचा? महाराष्ट्रात भूशास्त्र शिकायचं म्हणजे डेक्कन ट्रॅप. आमचे लाव्ह्याचे थर शहाण्यासारखे आडवे पडून आहेत; एक थर दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसलाय असं सह्याद्रीत कुठे दिसायचं? म्हणून मी शिकवताना जपानचं उदाहरण घेते. जपानच्या नैऋत्य किनाऱ्यासमोर नानकाई ट्रफ ही समुद्रतळावरची लांब, खोल घळ आहे. तिथे फिलिपीन समुद्राची प्लेट जपानखाली जाते, आणि जाताना तिच्या पाठीवरचा गाळ खरवडला जाऊन पाचरीसारखा साठत जातो. ही पाचर म्हणजे एकावर एक चढलेल्या थ्रस्टची चळतच. १९९० मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन जहाजाने शिकोकू बेटासमोर ८०८ क्रमांकाच्या ठिकाणी तिला आरपार भोक पाडलं. २००० मध्ये शेजारीच ११७३ आणि ११७४ ही ठिकाणं झाली. पुढे २००७-०८ मध्ये चिक्यू या जपानी जहाजाने कीई द्वीपकल्पासमोर सी०००४ आणि सी०००७ इथे कोअर काढल्या. या सगळ्यांचे फोटो, मोजमापं, अहवाल नेटवर फुकट आहेत. आपल्या विद्यापीठात बसून अभ्यास करायला याहून चांगलं साहित्य नाही.

आधी धड खडक ओळखा

फॉल्ट शोधायला निघालेला माणूस पहिली चूक करतो ती ही, की तो थेट मोडक्या भागाकडे जातो. मी मुलांना आधी ११७३ ची कोअर बघायला लावते. ते ठिकाण ट्रफच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. तिथला गाळ अजून पाचरीत शिरलेला नाही, त्यामुळे थर जसे बसले तसेच आहेत. सगळ्यांत वर ट्रफमध्ये वाहून आलेले टर्बिडाइट. खाली शिकोकू खोऱ्याचा संथपणे साचलेला चिखल, त्याच्या वरच्या भागात ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे, खालच्या भागात ते जवळजवळ दिसेनासे. हा क्रम पाठ असेल तरच पुढच्या कोअरमध्ये तो कुठे उलटा झालाय, कुठे दोनदा आलाय, हे कळतं.

टर्बिडाइट म्हणजे समुद्राच्या उतारावरून गढूळ पाण्याचा लोंढा येऊन एका दमात बसलेला थर. तळाला जाड वाळू, वर जाताना बारीक, शेवटी चिखल. डच भूशास्त्रज्ञ आर्नोल्ड बाउमाने १९६२ मध्ये त्याचे पाच भाग सांगितले, पण पाचही एकत्र दिसणं दुर्मिळ. आपल्या कामाचा भाग एवढाच, की थराचं वर-खाली यावरून कळतं. वाळूचा तळ तीक्ष्ण आणि वरचा काठ विरत जाणारा असेल तर थर सुलटा. वाळू खालच्या चिखलात रुतून गोलसर पोटं तयार होतात, लाटांच्या नक्षीत तिरपे पापुद्रे दिसतात, किड्यांची बिळं असतात. या सगळ्यांची साक्ष घ्या. खोल समुद्रातला गाळ बसतो तेव्हा जवळपास आडवा असतो. त्यामुळे कोअरमध्ये थर चाळीस-पन्नास अंशांनी कललेला दिसला की वहीत खूण करायची. उलटा दिसला तर ठळक खूण. निष्कर्ष मात्र अजून काढायचा नाही.

दोन तोतये

खरा फॉल्ट सापडण्याआधी दोन तोतये भेटतात, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांचा निम्मा वेळ यांच्यातच जातो.

पहिला तोतया खुद्द ड्रिलिंगचा. कडक मडस्टोनमध्ये फिरतं पातं वापरलं की कोअर काही सेंटिमीटर जाडीच्या चकत्यांमध्ये तुटते. प्रत्येक चकती आपापली फिरते, आणि दोन चकत्यांमध्ये दळलेला लगदा भरतो. जहाजावर यांना बिस्किटं म्हणतात. नवख्याला वाटतं, वा, केवढे घासलेले पृष्ठभाग! पण हे पृष्ठभाग कोअरच्या अक्षाला काटकोनात असतात, ठरावीक अंतराने येतात, आणि त्यांच्यावरचे ओरखडे गोल फिरतात. फॉल्टच्या पृष्ठभागावरचे ओरखडे सरळ असतात, पृष्ठभाग सहसा तिरका असतो आणि तो बिळांना, राखेच्या पट्ट्यांना कापत जातो. चिक्यूवर कोअर उभी कापण्याआधीच तिचं सीटी स्कॅन होतं. नानकाईच्या कोअरमध्ये घासपट्टे, म्हणजे सरकताना घासले गेलेले अरुंद पट्टे, आजूबाजूच्या चिखलापेक्षा दाबले गेल्यामुळे घन असतात, म्हणून ते स्कॅनमध्ये उजळ दिसतात. ड्रिलिंगने पडलेली भेग मात्र पोकळ, म्हणून काळी. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसलं तरी स्कॅन फसत नाही. म्हणून जिथे स्कॅन उपलब्ध आहे तिथे कोअरचा फोटो नंतर उघडा, स्कॅन आधी.

दुसरा तोतया समुद्रतळावरच्या घसरणीचा. उतारावरचा ओला गाळ घसरतो आणि खाली जाऊन गुंडाळून, घड्या पडून बसतो. त्यात उलटे थर असतात, तुटलेले गोळे असतात, घड्या तर इतक्या सुंदर की फोटो काढल्यावाचून राहवत नाही. फरक कसा करायचा? वर बघा. घसरणीच्या गोंधळावर पुढचा थर निवांत, सपाट बसलेला असतो, कारण गोंधळ आधी संपला आणि गाळ नंतर पडला. थ्रस्टच्या पट्ट्यात वरचा थरही भरडलेला असतो. दुसरं म्हणजे घसरणीत गाळ ओला असताना वाकतो, कण एकमेकांवरून सरकतात, आणि घडीच्या कण्यावर भेग पडत नाही. खडक झाल्यानंतर मोडलं तर भेगा, कडा, कॅल्साइटच्या शिरा दिसतात. एवढं करूनही काही तुकडे दोन्ही बाजूंनी बोलतात, कारण जुन्या घसरणीतूनच पुढे थ्रस्ट गेलेला असू शकतो. अशा ठिकाणी दोन्ही शक्यता लिहून पुढच्या पुराव्याकडे जायचं. तो पुरावा वयाचा.

जुनं वर, नवं खाली

थ्रस्टची खरी सही हीच. मोडतोड कितीही दिसो, जुना थर नव्याच्या वर आहे किंवा तोच थर दोनदा आलाय, हे दाखवता आलं पाहिजे. सी०००४ मध्ये पाचरीतला प्लायोसीन काळातला गाळ त्याहून तरुण, प्लाइस्टोसीन काळात उतारावर साचलेल्या गाळाच्या डोक्यावर चढलेला आहे. हे दाखवलं ते नॅनोफॉसिल्सनी, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुनखडीच्या कवचांनी. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा चिखल काचेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. एमिलियानिया हक्सलेई ही जात सुमारे २.९ लाख वर्षांपूर्वी अवतरली. डिस्कोअॅस्टर ब्रौवेरी सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी संपली. वरच्या नमुन्यात भरपूर डिस्कोअॅस्टर आणि त्याखालच्या नमुन्यात हक्सलेई, असं दिसलं की खुर्चीत ताठ बसायचं.

पण जरा थांबा. जुनी कवचं धुपून नव्या गाळात सहज येतात. टर्बिडाइटमध्ये तर हा रोजचा प्रकार, कारण लोंढा वाटेतलं सगळं खरवडत येतो. म्हणून कोअरच्या नमुन्यात जी सगळ्यांत तरुण जात सापडेल तिच्यावर विश्वास ठेवायचा. म्हाताऱ्या जातींची साक्ष कच्ची. तेलविहिरीत मात्र सहसा कोअर नसते, चिखलाबरोबर वर आलेले दगडाचे कण असतात, आणि तिथे हाच नियम उलटा फिरतो. वरच्या भिंतीतून तरुण कवचं खाली ढासळतात, त्यामुळे तिथे तरुण जातीची साक्ष कच्ची ठरते आणि एखादी जात वरून खाली येताना पहिल्यांदा कुठे दिसली ते महत्त्वाचं. कोअरवर शिकलेली मुलं तेल कंपनीत गेली की पहिल्या महिन्यात इथेच अडखळतात.

राखेचे पट्टे आणखी सोपे. एकाच उद्रेकाची राख तिच्या रसायनावरून ओळखता येते. तीच राख एकाच भोकात दोन खोलींवर मिळाली की मधे थ्रस्ट आहे. समजा दोन्हींमध्ये १५० मीटर अंतर आहे, थर जवळपास आडवे आहेत आणि फॉल्ट ३० अंशांनी कललेला आहे. मग फॉल्टवरची घसरण किती? १५० भागिले ३० अंशांचा साइन, म्हणजे ३०० मीटर. हे गणित वहीच्या कोपऱ्यात होतं, पण ते न करता "बरीच घसरण झाली" असं लिहिणारे अहवाल मी पुष्कळ वाचलेत.

फॉल्टला जाडी असते

आता भरडलेल्या भागात शिरा. ८०८ मध्ये पाचरीच्या तोंडाशी असलेला थ्रस्ट समुद्रतळाखाली साधारण ३६० ते ३९५ मीटरच्या दरम्यान पसरलेला आहे. ही उभी जाडी. फॉल्ट ३० अंशांनी कललेला धरला तर खरी जाडी ३५ गुणिले ३० अंशांचा कोसाइन, म्हणजे सुमारे ३० मीटर. त्याच्याही खाली, ९४५ ते ९६४ मीटरवर, डेकोलमाँ आहे. हा जवळपास आडवा तळाचा फॉल्ट. सगळी पाचर याच्यावरून सरकते. इथे एक गोष्ट नीट बघून घ्या. डेकोलमाँच्या वरचा खडक तडकलेला, घासपट्ट्यांनी भरलेला. खालचा मात्र जवळजवळ सुखरूप. कारण खालचा गाळ प्लेटबरोबर निमूट आत चाललाय, त्याला आडवा रेटा फारसा बसलेलाच नाही. असा एका बाजूने मोडका आणि दुसऱ्या बाजूने धड भाग दिसला की आपण पाचरीच्या तळाशी आहोत असं मानायला हरकत नाही.

पट्ट्याच्या काठावरून मध्याकडे जाताना काय बदलतं ते क्रमाने लिहा. आधी भेगा दाट होतात. मग खडकाचे कोनदार तुकडे सुटे होतात, आणि त्यांचा आकार सेंटिमीटरमधून मिलिमीटरमध्ये जातो. मग येतो खवल्यांचा चिखल: बोटाने हलकेच दाबला की मसुराएवढ्या, दोन्हीकडून चकचकीत कपच्या सुटतात आणि प्रत्येक कपचीवर बारीक रेघा असतात. सगळ्यांत आत कधी कधी काळपट, पिठासारखा बारीक पट्टा. प्रत्यक्ष भूकंपात सरकलेली जागा बहुधा हीच. सी०००७ मध्ये असा पट्टा फक्त सेंटिमीटरभर जाडीचा आहे. त्यातल्या वनस्पतीजन्य कणांची, म्हणजे व्हिट्रिनाइटची, चमक मोजली तेव्हा निघालं की तो कधीतरी ३८० अंश सेल्सियसच्या आसपास तापला होता. समुद्रतळाखाली अर्धा किलोमीटरही नाही, आणि एवढी उष्णता! ती घर्षणाचीच. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. थ्रस्टचा उथळ, मऊ टोकाचा भाग भूकंपात जोरात सरकत नाही, हळूहळू रांगतो, अशी तोवरची साधारण समजूत होती.

त्याच वर्षी ११ मार्चला तोहोकूचा भूकंप झाला आणि उरलीसुरली शंका फिटली. तिथे ट्रेंचजवळ फॉल्ट सुमारे ५० मीटर सरकला. पुढच्या वर्षी चिक्यूने सुमारे ६,९०० मीटर पाण्याखाली, समुद्रतळाच्याही खाली ८०० मीटरहून जास्त खोल जाऊन तो फॉल्ट गाठला. एवढ्या प्रचंड भूकंपाच्या प्लेट-सीमेची जाडी निघाली पाच मीटरपेक्षा कमी, आणि त्यातून वर आली जेमतेम मीटरभर कोअर: खवल्यांचा चिखल, स्मेक्टाइट या निसरड्या खनिजाने गच्च भरलेला. भोकात बसवलेल्या तापमापकांनी जुलै २०१२ ते एप्रिल २०१३ या काळात फॉल्टपाशी ०.३१ अंशाची उरलेली ऊब टिपली. त्यावरून घर्षणाचा गुणांक सुमारे ०.०८ आला. एरवी खडकांत तो ०.६ ते ०.८५ असतो.

यातून कोअर वाचणाऱ्याने काय घ्यायचं? जाडी म्हणजे महत्त्व नव्हे. तीस मीटरचा भरडलेला पट्टा दिसला म्हणून तोच मुख्य फॉल्ट असं नाही. तो लाखो वर्षांच्या सावकाश मोडतोडीचाही असू शकतो, आणि सगळी घसरण शेजारच्या बोटभर काळ्या पट्टीने उचललेली असू शकते. दुसरं, जिथे फॉल्ट सर्वांत मऊ तिथेच कोअर निसटते. म्हणून कोअर किती टक्के वर आली याचा रकाना कायम डोळ्यासमोर ठेवा, आणि रिकाम्या जागी ड्रिलिंगच्या वेळी घेतलेले लॉग, म्हणजे भोकातल्या उपकरणांच्या नोंदी, बघा. गॅमा किरणांचा आकडा चढला तर चिखल वाढला, विद्युत रोधकता घसरली तर पाणी किंवा चिखल वाढला, आणि भोकाच्या भिंतीच्या प्रतिमेत थरांचा कल अचानक बदलला तर तिथे काहीतरी तुटलंय.

एक व्यावहारिक अडचण राहिलीच. कोअर वर येते तेव्हा तिची उत्तर दिशा हरवलेली असते, आणि बिस्किटं झाली असतील तर प्रत्येक चकतीची वेगळी. घासरेघांची दिशा मोजून उपयोग काय? इथे पुराचुंबकत्व, म्हणजे खडकात जपली गेलेली जुनी चुंबकीय दिशा, मदतीला येतं. त्याच चकतीतला छोटा नमुना मोजून त्याची चुंबकीय दिशा उत्तरेला जुळवायची आणि आपली मापं तेवढी फिरवायची. मग घासरेघा उताराच्या दिशेने असतील तर थ्रस्ट किंवा नॉर्मल फॉल्ट (म्हणजे वरचा खडक खाली घसरलेला), आडव्या असतील तर बाजूची सरक. नानकाईच्या पाचरीतही नॉर्मल फॉल्ट खूप आहेत. थ्रस्टच्या प्रदेशात आहे म्हणून प्रत्येक फॉल्टला थ्रस्ट म्हणू नका.

पाणी

खोल गाळातल्या थ्रस्टचं सगळं राजकारण पाण्याचं असतं. हबर्ट आणि रूबी यांनी १९५९ मध्ये दाखवलं की छिद्रांतल्या पाण्याचा दाब पुरेसा वाढला तर किलोमीटर जाडीचा खडकही कमी रेट्याने सरकतो, कारण वरच्या वजनाचा मोठा वाटा पाणीच तोलून धरतं. ८०८ मध्ये खोलीबरोबर सच्छिद्रता कमी कमी होत जाते आणि डेकोलमाँ ओलांडताच अचानक वाढते. खालच्या गाळातलं पाणी निघायला वाट मिळालेली नाही. भूकंपीय छेदातही, म्हणजे लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून काढलेल्या तळाखालच्या चित्रातही, तीच रेघ उलट्या ध्रुवतेने दिसते: घट्टाखाली मऊ. मात्र स्मेक्टाइट जास्त असेल तर सावध राहा. १०५ अंशांवर नमुना सुकवताना त्या खनिजाच्या पापुद्र्यांतलं पाणीही उडतं आणि सच्छिद्रता खोटीच फुगते.

छिद्रांतल्या पाण्याचा खारटपणाही मोजतात. तो समुद्रापेक्षा कमी निघाला तर खोलवर स्मेक्टाइटचं इलाइट हे दुसरं खनिज होताना सुटलेलं गोडं पाणी वर आलंय, असं म्हणता येतं. पण गॅस हायड्रेट, म्हणजे गॅस अडकलेला बर्फासारखा घन पदार्थ, वितळूनही पाणी गोडं होतं, तेव्हा हायड्रेट नाही याची खात्री आधी.

छेद वाचताना

भूकंपीय छेद बघताना पहिलं काम, उभी ताण किती दिली आहे, म्हणजे उभं माप आडव्याच्या किती पट केलंय, ते विचारा. ३० अंशांचा थ्रस्ट तिप्पट ताणलेल्या छेदात बरोबर ६० अंशांचा दिसतो. छेद फॉल्टच्या लांबीला काटकोनात नसेल तर उलट होतं: ३० अंशांचाच कल, छेदाची रेषा आणि फॉल्टची लांबी यांत ३० अंशांचा कोन असताना १६ अंशांचा भासतो. एक ते एक प्रमाणात छापून भिंतीला लावा, सगळा थाट उतरतो. आणि प्रत्येक खोल पाण्यातला थ्रस्ट प्लेटांच्या टकरीचा नसतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात किंवा नायजर त्रिभुज प्रदेशात नदीच्या गाळाचं ओझं मऊ शेलवरून समुद्राकडे घसरतं. वरच्या अंगाला खडक ताणला जातो, पायथ्याशी थ्रस्ट होतात. कोअरमध्ये दोन्ही सारखेच दिसतील. आजूबाजूचा नकाशा पाहिल्याशिवाय कारण लिहू नका.

हाताने बघायचं असेल तर

त्यासाठी अंदमान गाठा. भारतीय प्लेट तिथे पूर्वेकडे खाली जाते, त्यामुळे बेटांवरचे थ्रस्ट साधारण उत्तर-दक्षिण आणि पूर्वेकडे कललेले. पोर्ट ब्लेअरजवळ (आता श्री विजयपुरम) कॉर्बिन्स कोव्हला वालुकाश्म-शेलचे टर्बिडाइट किनाऱ्यावरच उघडे पडलेत. बाउमाचे भाग बोट ठेवून मोजता येतात. बाराटांगचे चिखलज्वालामुखी बघा, पाण्याच्या दाबाचा धडा डोळ्यांपुढे बुडबुडतो. खडक ओहोटीलाच दिसतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक पाहून तिकीट काढा. हातोडा घरी ठेवा, फोटोत मापपट्टी आणि उत्तर दिशा ठेवा. वहीत डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्याचा अर्थ. डावं पान किनाऱ्यावर भरायचं, उजवं संध्याकाळी खोलीवर.